बंद पडलेलं गटार

चढावरच्या त्या गल्लीत मूल बोलायला लागलं की आधी त्याला स्वतःचं नाव शिकवायचे, मग बापाचं. तिसरा पाठ असायचा, "जुनं गटार आहे ते, बंद पडलंय." कुणी फाइलवाला, मोजपट्टीवाला गल्लीत शिरला आणि या फरशांखाली काय आहे म्हणून पाय आपटून विचारायला लागला, की लहानथोर सगळ्यांनी एवढंच सांगायचं. त्यात स्वतःची भर घालायची नाही. मिस्त्रीणबाईंनी हे वाक्य इतक्या जणांना ऐकवलं होतं, की गाढ झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी ते बिनचूक म्हटलं असतं आणि कूस बदलून पुन्हा घोरायला लागल्या असत्या.

वाक्य अर्धं खरं होतं, म्हणूनच इतकी वर्षं टिकलं. फरशांखाली खरोखरच जुनं गटार होतं, माणूस रांगत जाईल एवढं रुंद. वरच्या अंगाला कधीकाळी एक कारखाना होता, त्याचं. कारखाना गेला, गटार राहिलं. पण त्या गटाराच्या पोटातून मिस्त्रींची पाण्याची लाइन गेली होती, आणि हे उरलेलं अर्धं सत्य गल्लीबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं.

मिस्त्री म्हणजे मिस्त्रीणबाईंचे यजमान. नळजोडणीची कामं करायचे. त्या काळी गल्लीत नळ नव्हता आणि मिळणारही नव्हता, कारण गल्ली नकाशात नाही असं कचेरीतून सांगायचे. नकाशात नसलेल्या माणसांना तहान मात्र नकाशातल्यांसारखीच लागते, पण हे कचेरीला कोण सांगणार? बायका खालच्या रस्त्यावरून डोक्यावर पाणी वाहायच्या आणि वर येईपर्यंत अर्धं अंगावर सांडायचं. शेवटी मिस्त्रींचं डोकं फिरलं. वरच्या रस्त्याच्या मोठ्या लाइनीला त्यांनी गुपचूप जोड मारला, जुन्या गटारातून पाइप सरकवत खाली आणला आणि दारोदार नळ दिले. नवे सांधे कुठून आणणार? टायरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून त्यांनी ते आवळले. पट्ट्या कापायचं काम मिस्त्रीणबाईंचं. घरातली कात्री त्या कामात कायमची बोथट झाली. वरून कुणी डोकावू नये म्हणून गटार फरशांनी झाकलं, खालून कुणी डोकावू नये म्हणून त्याचं खालचं तोंड विटा आणि सिमेंट लावून बुजवलं. पहिल्यांदा पाणी आलं त्या दिवशी शेजारची म्हातारी नळाशी मांडी घालून बसली आणि नुसता नळ उघडझाप करत राहिली. कुणी तिला उठवलं नाही.

तेव्हापासून त्याला सगळे मिस्त्रींचं पाणी म्हणत. सकाळी यायचं आणि दुपारी यायचं, तेवढ्यात भरून ठेवायचं. सुरुवातीला तांबूस यायचं, थोडा वासही असायचा. तेवढं पाणी सोडून द्यायचं, मग साफ यायला लागायचं. याला कुणी दोष म्हणत नसे. नळ चूळ भरतोय, असं म्हणायचे आणि बादली बाजूला धरून गप्पा मारायचे.

मिस्त्री गेले, पाणी राहिलं. मिस्त्रीणबाई फोटोसमोर बसून रडणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण दुपारी नळ फुसफुसायला लागला की त्यांना आपला माणूस कामावरून घरी आल्यासारखं वाटायचं. त्या पाण्याला कुणी नावं ठेवली तर त्या माणसाची खैर नसायची.

पाण्याची सोय नवऱ्यानं केली, संडासांची आपण करायची, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. गल्लीतल्या बायका मोठा रस्ता ओलांडून पलीकडच्या पडक्या संडासात जायच्या. तिथल्या दारांना कड्या नव्हत्या, काहींना तर दारंच नव्हती, म्हणून दोघीदोघींनी जायचं आणि एकीनं बाहेर ओढणी धरून उभं राहायचं. मिस्त्रीणबाईंनी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. साहेब जेवायला गेलेत म्हटल्यावर त्या साहेबांचं जेवण होईपर्यंत जिन्यात बसून राहायच्या. साहेब मागच्या दारानं जायला लागले तेव्हा त्या मागच्या दाराशी बसायला लागल्या. शेवटी कंटाळून म्हणा, लाजून म्हणा, कचेरीनं मंजुरी दिली आणि एक तरुण इंजिनीअरबाई कामावर आली. ती पायात बूट घालून चिखलातून चालायची आणि प्रश्न फार विचारायची.

"काकू, या फरशांखाली काय आहे?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

काकूंनी पाठ म्हटला. तिनं हातातल्या आराखड्यावर नजर टाकली आणि मान हलवली.

पुढे खोदकाम सुरू झालं तेव्हा ठेकेदाराच्या मुकादमानंही विचारलं, मावशी, हे गटार खालपर्यंत मोकळं आहे का? खरं तर "बंद पडलंय" एवढ्यावर थांबायचं. पण मुकादमाची पहार नेमकी फरशीवर टेकलेली बघून मिस्त्रीणबाईंचा जीव वरखाली झाला. रिकाम्या जागेत कोण डोकावतंय, असा विचार करून त्या सांगून बसल्या की साफ मोकळं आहे, वरून उंदीर सोडलास तर खाली निघेल. मुकादम हसला आणि त्यानं पहार उचलली. मिस्त्रीणबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि त्याला चहा पाजला.

संडास झाले. दारं, कड्या, दिवे, हात धुवायला बेसिन. किल्ल्या मिस्त्रीणबाईंच्या कमरेला. त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं आत जाऊन कडी लावली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. बरी आहेस ना म्हणून विचारलं तर आतून म्हणाली, बसू द्या गं, पहिल्यांदाच कुणाची घाई नाहीये.

आणि पंधरवड्यातच गल्लीतल्या पोरांची पोटं बिघडायला लागली.

आधी शिंप्याचा धाकटा, मग वरच्या घरातली जुळी, मग एका घराआड एक. लोक कुजबुजायला लागले की हे नवे संडास लाभले नाहीत. मिस्त्रीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. संडासांनी नाही, तुमच्या हातांनी पोरं आजारी पडतात, असं म्हणत त्या साबणाची वडी घेऊन घरोघर फिरल्या. बोलण्यात अर्थ होता, कुणाला उलटून बोलता येईना. घरी त्यांची नात, जिला सगळे ठकी म्हणत, तिलाही जुलाब लागले, तेव्हा मात्र त्यांनी कहर केला. शेजारणी दारात उभ्या असताना त्यांनी सुनेला समोर बोलावलं.

"हात पुढे कर."

सून शाळेतल्या मुलीसारखी हात पालथे धरून उभी राहिली. मिस्त्रीणबाईंनी एकेक बोट वाकवून नखं बघितली. एका नखात पीठ होतं. हे बघा, असल्या हातांनी भरवल्यावर पोर आजारी पडणार नाही तर काय होणार, असं त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. सुनेनं हात खाली घेतले आणि आत गेली. ती मुळातच अबोल. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, आठवडे आठवडे घराबाहेर. बोलायचं तरी कुणाशी?

ठकीचे डोळे खोल गेले, ओठ पांढरे पडले आणि तिला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. मुलांच्या वॉर्डात, खिडकीकडच्या खाटेवर, एवढ्याशा हाताला सलाईन. सून तिच्याजवळ राहिली. मिस्त्रीणबाई रोज सकाळी पाणी आलं की चूळ भरून झालेलं साफ पाणी नरसाळ्यानं कॅनमध्ये भरायच्या आणि दवाखान्यात पोचवायच्या. दुसऱ्याच दिवशी सून चाचरत म्हणाली होती की सिस्टर म्हणतात, मुलीला बाहेरचं पाणी देऊ नका, इथलंच द्या. मिस्त्रीणबाईंनी आवाज चढवला. इथलं? इथे शंभर आजारी माणसं एका नळाला तोंड लावतात. तुझा नवरा ह्यांच्या पाण्यावर वाढला, त्याला कधी शिंक तरी आली का? घरचंच पाजायचं, आणि कॅन रिकामा करून ठेवायचा, मी बघणार. कॅन रोज रिकामा मिळायचा. आणि ठकी खरंच सुधारायला लागली. जुलाब थांबले, डोळ्यांत जीव आला. कालच तिनं आजीच्या गळ्यातले मणी ओढले होते. बघ, घरचं पाणी लागू पडलं की नाही, असं मिस्त्रीणबाईंनी सुनेला खोचून विचारलंही होतं. सून खिडकीबाहेर बघत होती.

कुजबुज मात्र थांबेना. तेव्हा मिस्त्रीणबाईंनी स्वतःच इंजिनीअरबाईंना निरोप धाडला. या, आणि काय तपासायचं ते सगळ्यांसमोर तपासा, म्हणजे एकदाची लोकांची तोंडं बंद होतील. इंजिनीअरबाई आल्या. सोबत मुकादम आणि एका डब्यात रंगाची पूड. ही पूड संडासात टाकायची, वरून पाणी ओतायचं आणि उताराच्या तळाशी मोठ्या गटाराचं चेंबर उघडून बसायचं. रंग तिथे आला की घाण जिथे जायला हवी तिथेच जातेय हे सिद्ध. पूड हातावर घेतली तर तांबडी दिसायची, पाण्यात पडली की भडक हिरवी व्हायची. मिस्त्रीणबाई सकाळचा कॅन दवाखान्यात ठेवून लगबगीनं परतल्या होत्या. पहिली पूड त्यांनी आपल्या हातानं टाकली.

गल्ली तळाशी जमली. चेंबरचं झाकण उघडलेलं, नाकाला पदर. काही वेळ गेला. रंग आला नाही. अजून बादल्या ओतल्या. शिंपी म्हणाला, आपला माल कष्टाचा आहे, एवढ्या लवकर खाली उतरायचा नाही. लोक खिदळले. कुणी म्हणालं, वाटेत चहाला थांबला असेल. इंजिनीअरबाई हसल्या नाहीत. त्यांनी चेंबरमध्ये बॅटरी मारली, वाकून बघितलं आणि मुकादमाला विचारलं की नवी लाइन नक्की इथेच जोडली ना. मुकादम म्हणाला, येईल मॅडम, उतार कमी आहे. त्याच्या कपाळावर घाम होता, पण ऊनही होतं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

तेवढ्यात दुपारच्या पाण्याची वेळ झाली. नळ फुसफुसायला लागल्याचं चढावरून ऐकू आलं आणि बायका रंग सोडून घराकडे पळाल्या.

शिंपीण सगळ्यांत आधी बाहेर आली. हातात बादली, चेहऱ्यावर हसू. कुणीतरी गंमत केलीय, म्हणाली, माझ्या बादलीत रंग सांडलाय. बादलीत हिरवं पाणी हलत होतं. लोक पुन्हा हसले. मग समोरच्या घरातून एक बाई पातेलं घेऊन आली. तिच्या पातेल्यातही हिरवं. मग जुळ्यांची आई आली. तिनं हातातला तांब्या सगळ्यांसमोर तिरका केला आणि हिरवी धार फरशीवर पडली.

हसणं थांबलं. घराघरांतून उघडे राहिलेले नळ ऐकू येत होते.

मिस्त्रीणबाई आपल्या दारातल्या नळाशी गेल्या. त्यांनी नळ पूर्ण सोडला. हिरवं आलं. त्या स्वतःशीच म्हणाल्या, चूळ भरतोय. थोडं जाऊ दे. त्यांनी एक बादली ओतून दिली, मग दुसरी. नळ चूळ भरतोय, त्या पुन्हा म्हणाल्या, या वेळी मोठ्यानं. पाणी वाहत होतं, पायांवरून वाहत होतं, पायरीवरून वाहत होतं, आणि हिरवंच होतं. नळाच्या मानेला त्यांचं नरसाळं लटकत होतं. सकाळी धुऊन अडकवलेलं. त्यावर पाणी उडून हिरवे थेंब जमले होते.

त्यांनी ते नरसाळं काढून हातात घेतलं. आपण सकाळी काय भरून नेलं, हे त्यांना एकदम कळलं. सकाळी रंग नव्हता, म्हणून दिसलं नव्हतं, एवढाच काय तो फरक. सकाळी, काल, परवा, रोज. स्वतःच्या हातानं भरलं, स्वतःच्या हातानं नेलं, आणि पाजच म्हणून दरडावून सांगितलं.

"हे पाणी कुठून येतं?" इंजिनीअरबाई मागे येऊन उभ्या होत्या.

त्यांनी बुटाची टाच फरशीवर आपटली. खालून पोकळ आवाज आला.

"या खाली काय आहे?"

शिंप्याच्या हातात अजून ती बादली होती. स्वतःच्या लेकराला दोन वेळा दवाखान्यात नेऊन आणलेला माणूस तो, आणि हिरव्या पाण्याची बादली हातात धरून तो शांतपणे म्हणाला, "जुनं गटार आहे ते, बंद पडलंय."

मागे उभ्या असलेल्या दोघाचौघांनी माना डोलावल्या. आणि मिस्त्रीणबाईंच्या लक्षात आलं की आपलेही ओठ त्याच शब्दांवर हलले होते.

आधी मुकादमाचा धीर सुटला. मध्ये खडक लागला होता, त्यानं सांगून टाकलं, खडक फोडत बसलो असतो तर काम संपलंच नसतं. म्हणून एका दुपारी, गल्ली जेवून आडवी झालेली असताना, त्यानं संडासाचा पाइप या जुन्या गटारात सोडून दिला आणि वरून माती लोटली. आत गाळ होता, गाळाखाली काय आहे हे त्यानं बघितलं नाही. "मावशींना विचारूनच सोडला मॅडम. साफ मोकळं आहे म्हणाल्या. उंदीर सोडला तर खाली निघेल म्हणाल्या."

सगळी गल्ली मिस्त्रीणबाईंकडे बघायला लागली. त्या नजरांत राग नव्हता, अजून तरी नव्हता. एक विनवणी होती. सांभाळून घ्या. बिंग फुटलं तर लाइन कापतील, पुन्हा डोक्यावर हंडे येतील. शिंपी डोळ्यांनीच नको म्हणत होता. मिस्त्रीणबाईंना हे सगळं दिसत होतं. नळाचा आवाज ऐकू येत होता, आपला माणूस घरी आल्यासारखा वाटणारा तो आवाज. आज तो ऐकवत नव्हता.

"बंद पडलेलं नाही ते," त्या म्हणाल्या. "त्यात आमची पाण्याची लाइन आहे. आणि खालून ते मोकळं नाही. आमच्या ह्यांनीच विटा लावून बुजवलंय."

"वहिनी, काय बोलताय," शिंपी पुटपुटला.

इंजिनीअरबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. गटाराला खाली तोंड नाही, म्हणजे महिनाभराची सगळ्या गल्लीची घाण आतच तुंबून होती आणि पाण्याचा पाइप त्यात बुडून होता. नळ बंद झाला की रिकामा पाइप सांध्यांतून आजूबाजूचं आत ओढतो, असं त्या सांगायला लागल्या, आणि मध्येच थांबल्या. सांधे कसले आहेत, त्यांनी विचारलं.

"ट्यूबच्या पट्ट्यांचे. मीच कापल्यात."

"मी तुम्हाला विचारलं होतं, काकू. पहिल्याच दिवशी."

"विचारलं होतंत. आणि मी सांगितलं होतं." मिस्त्रीणबाईंनी कमरेच्या किल्ल्या काढून इंजिनीअरबाईंच्या हातात दिल्या. "संडासांना कुलूप लावा. वरच्या रस्त्याला झाडाशेजारी लोखंडी झाकण आहे, त्याच्याखाली जोड आहे, तो बंद करा. लाइन कापायची असेल तर कापा. मला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचंय. माझी नात हे पितेय."

तेव्हा कुठे गल्लीत गलका उठला. कुणी भरलेलं ओतून द्यायला धावलं, कुणी भिंतीला टेकून बसलं. जुळ्यांची आई ओकारी काढत होती. इंजिनीअरबाई फोनवर टँकर मागत होत्या, आत्ता म्हणजे आत्ता, असं ओरडत होत्या. शिंप्यानं बादली फरशीवर उपडी केली, स्कूटर बाहेर काढली आणि मिस्त्रीणबाईंना मागे बसवलं.

वाटेत एका चौकात गाड्या तुंबल्या तेव्हा त्या उतरून पायी चालायला लागल्या, शिंप्यानं ओढून पुन्हा बसवलं. त्यांच्या डोक्यात एकच हिशेब चालू होता. ठकी सुधारत होती. काल तिनं मणी ओढले. मग सकाळचं पाणी अजून प्यायली नसेल, झोपली असेल, सिस्टरनं दूध दिलं असेल, कॅन अजून भरलेला असेल. एवढं होऊ दे. फक्त कॅन भरलेला असू दे.

वॉर्डात शिरल्या शिरल्या त्यांनी खाटेखाली बघितलं. कॅन होता. त्यांनी तो उचलला. पिसासारखा हलका वर आला.

सून स्टुलावर बसली होती. ठकी कुशीवर झोपलेली, हाताला अजून सुई, गालावर उशीची वळं. मिस्त्रीणबाई दारातून धावत आल्या होत्या, पदर खांद्यावरून निसटलेला, पाय गुडघ्यापर्यंत ओले. सून दचकून उभी राहिली.

"पाजलंस?"

"हो आई." उत्तर इतक्या पटकन आलं की विचार करायला जागाच नव्हती. "सगळं पाजलं."

मिस्त्रीणबाई खाटेशेजारी जमिनीवरच बसल्या, कॅन मांडीत घेऊन. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बघायला लागली. मिस्त्रीणबाईंनी कॅनचं झाकण उघडलं, हुंगलं, पुन्हा लावलं.

"संडासाची घाण आहे गं त्यात," शेवटी त्या म्हणाल्या. "ह्यांची लाइन घाणीत बुडाली आहे. महिनाभर. मी विष आणत होते रोज. तुझे हात बघत होते आणि विष आणत होते. माझ्या पोरीला मी मारलं गं."

सून त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं मागे वळून वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं, कुणी ऐकत तर नाही ना म्हणून, आणि ती सासूसमोर जमिनीवर बसली.

"नाही पाजलं आई."

मिस्त्रीणबाईंनी मान वर केली.

"सिस्टर नको म्हणाल्या तेव्हापासून एक घोटही नाही दिला. तुम्ही गेलात की मोरीत ओतून देते. इथलंच उकळलेलं पाजते."

"मग आत्ता हो का म्हणालीस?"

"रोजच म्हणते." सुनेनं नजर खाली घेतली नाही. "खरं सांगितलं असतं तर तुम्ही कॅन आणायचं थांबवलं असतंत का? तुम्ही स्वतः बसून पाजलं असतंत."

मिस्त्रीणबाईंनी तेच केलं असतं. कौतुकानं, मांडीवर घेऊन, चमच्या-चमच्यानं केलं असतं. खोटं कुणाला सांगावं लागतं आणि का, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? जन्मभर त्या कचेरीतल्या लोकांना सांगत आल्या होत्या. आपणही कुणाची तरी कचेरी झालो होतो, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"हात पुढे कर," त्या म्हणाल्या.

सुनेनं सवयीनं हात पालथे धरून पुढे केले. बोटं जरा वाकलेली, नखं दिसतील अशी. ती बोलणी खायला तयार होऊन बसली होती. मिस्त्रीणबाईंनी ते हात आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि त्यांत तोंड खुपसलं. त्या मोठ्यानं रडल्या. मिस्त्री गेले तेव्हाही गल्लीनं त्यांना असं रडताना ऐकलं नव्हतं. दारात उभा असलेला शिंपी तोंड फिरवून बाहेर निघून गेला. सुनेला काय करावं सुचेना. हात सोडवता येत नव्हते, म्हणून ती तशीच बसून राहिली.

त्या आवाजानं ठकी जागी झाली. डोळे चोळून तिनं आधी आईकडे बघितलं, मग जमिनीवरच्या आजीकडे. आजी म्हणजे पाणी आणणारी, एवढं तिला पक्कं माहीत होतं.

"आजी, पाणी."

मिस्त्रीणबाईंचा हात आपसूक कॅनकडे गेला. झाकणाला लागला आणि भाजल्यासारखा मागे आला. त्यांनी कॅन पायानं दूर लोटला.

"आईकडे माग," त्या म्हणाल्या. "आई देईल."

सुनेनं उठून कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धुतले, झाकलेल्या भांड्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि ठकीच्या ओठांना लावलं. मिस्त्रीणबाई खाली बसून ते बघत राहिल्या. पाण्याला रंग नव्हता. तरी पेला रिकामा होईपर्यंत त्यांनी पापणी लववली नाही.